आठव्या माणसाच्या तीन बंदुका

आमच्या गावात बंदूक कोणी विकत घेत नाही. ती घरात असतेच. मुलगा विशीत आला की लष्कर त्याला गणवेश, बूट आणि बंदूक देतं, वर्षातून काही आठवडे बोलावून चिखलातून लोळवतं, आणि केस पिकायला लागले की सांगतं, गणवेश परत करा, बंदूक राहू द्या. मग ती कपाटात स्कीच्या मागे जन्मभर उभी राहते. थोडक्यात, दाढी येते तशी आमच्याकडे बंदूक येते. त्यामुळे मी ऐन पन्नाशीत बंदूक विकत घ्यायला निघालो तेव्हा लोकांनी माझ्याकडे, हा माणूस दाढी विकत घ्यायला चाललाय, अशा नजरेनं पाहिलं.

दोष माझ्या तळपायांचा. ते सपाट आहेत. लष्करी तपासणीत डॉक्टरनं मला ओल्या पायांनी फरशीवर चालायला लावलं, उमटलेले ठसे पाहिले आणि शेजारच्या खोलीतल्या डॉक्टरलाही बोलावून दाखवले. दोघांनाही ते फार आवडले. माझी रवानगी नागरी संरक्षण दलात झाली. आमच्या वयाची पोरं डोंगरात तोफा ओढत होती तेव्हा मी गावाच्या शाळेखालच्या तळघरात घोंगड्या मोजत होतो. घोंगड्या पुरेशा होत्या. युद्ध काही झालं नाही. पण खानावळीत लष्कराच्या गप्पा सुरू झाल्या की मी बिलाकडे बघत बसायचो, हेही तितकंच खरं.

अशा मला, विमा कचेरीत गारपिटीचे दावे तपासणाऱ्या आल्बिन हाइन्त्सरला, एका वसंतात डोमिनी बेत्शार्ट भेटायला आला. डोमिनी गावचा चीज करणारा आणि नेमबाज मंडळाचा अध्यक्ष. त्यानं टोपी काढली, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. गटातल्या म्हाताऱ्या कोनराडला मोतीबिंदू झाला होता आणि त्यानं बंदूक खाली ठेवली होती. ऑक्टोबरात संत वेंडेलिनच्या सणाला वरच्या कुरणावर खोऱ्यातल्या गावांची नेमबाजी होते. प्रत्येक गावाचे आठ जण, सगळे गुडघ्यावर, हातात लष्कराची जुनी, बोल्ट हातानं ओढून भरायची बंदूक, ज्याची त्याची स्वतःची. कुरणावर जागा मोजक्या गावांनाच. आमची जागा पणजोबांपासूनची. पण नियम असा की आठही जणांनी बार काढले पाहिजेत आणि प्रत्येकाचा निदान एक तरी नेम निशाणावर लागला पाहिजे. एकाचाही निशाणाचा पाटा कोरा राहिला तर गट अपुरा, आणि जागा रांगेतल्या पुढच्या गावाला. रांगेत पुढे होतं ओबरमाट. ओबरमाटचे लोक गेली कित्येक वर्षं सणाला सतरंजी, सॉसेज आणि वाइन घेऊन येत आणि बरोबर आमच्या जागेसमोर बसून जेवत.

मी म्हटलं, तरुण पोरं आहेत की. डोमिनी म्हणाला, तरुण पोरांना लष्करानं नवी बंदूक दिलीय, ती आपोआप गोळ्या सोडते, त्यांना जुनी नको आणि रविवारी सायकल चालवायची असते.

"म्हणजे गावात उरलं कोण?" मी विचारलं.

"तू आणि पाद्री," डोमिनी म्हणाला. "पाद्री आशीर्वाद द्यायला लागतो."

यापेक्षा मानाचं आमंत्रण मला आयुष्यात आलेलं नव्हतं. मी लगेच हो म्हटलं. माझी बायको आग्नेस दारातून ऐकत होती. ती फक्त एवढंच म्हणाली की जत्रेत मी फुगा फोडायला गेलो होतो तेव्हा फुगेवाल्यानं पैसे परत केले होते.

विमा कचेरीतला माणूस कुठलीही वस्तू घाईनं घेत नाही. महिनाभर मी पुस्तिका वाचल्या, नळीची लांबी, वजन, दस्त्याचं लाकूड, सगळं तोंडपाठ केलं. मग शहरात जुन्या शस्त्रांची जत्रा भरली होती तिथे गेलो आणि अर्ध्या तासात एक स्वीडिश माउझर घेऊन बाहेर पडलो. त्यात माझा दोष थोडाच होता. विक्रेता मोठ्या मिशांचा होता. तो म्हणाला, घेऊ नका हवं तर, पण एकदा बोल्ट ओढून बघा. मी ओढला. लोण्यातून सुरी जावी तसा तो मागे आला, पुढे गेला, आणि माझ्या हातातून पैसे कसे गेले ते मला कळलंच नाही. रंग निळसर काळा, दस्त्यात पितळेची गोल चकती, अंगावर एक ओरखडा नाही. स्वीडनही तर कित्येक पिढ्यांत कुणाशी लढलेला नाही. आमची मनं जुळली.

ती माझ्या नावावर चढवायला मला गावच्या कचेरीचा दाखला हवा होता, की माझ्याविरुद्ध काही नाही. कचेरीत ग्वेर्डर बाई बसतात. त्यांनी माझं लष्करी पुस्तक मागितलं. मी नागरी संरक्षणाचं दिलं. त्यांनी ते उघडून वाचलं, घोंगड्यांपाशी थांबल्या, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. गावात घरटी एक बंदूक आहे, काही घरांत तीन आहेत, आणि त्याबद्दल ग्वेर्डर बाईंना कधी झोप लागली नाही असं झालेलं नाही. पण जो माणूस ती पदरच्या पैशांनी आणतो त्याच्या मनात काहीतरी असलंच पाहिजे. त्यांनी शिक्का मारला, पण सावकाश.

डोमिनी बंदूक बघायला आला. त्यानं ती उजेडात धरली, नळीतून पाहिलं, दस्त्यावरून हात फिरवला.

"सुंदर आहे," तो म्हणाला. "स्वीडनला गेलास की वापर."

वेंडेलिनच्या कुरणावर फक्त आपल्या लष्कराची बंदूक चालते, हे सांगायचं त्याला सुचलं नव्हतं, कारण आपल्या गावातला माणूस दुसऱ्या लष्कराची बंदूक आणेल हेच त्याला सुचण्यासारखं नव्हतं. माउझर कपाटात स्कीच्या मागे गेली. निदान त्या बाबतीत मी इतरांसारखा झालो.

आता सल्ले सुरू झाले. म्हातारा कोनराड म्हणाला, लांब बंदूक घे, आमच्या वेळची, हिच्यासारखी दुसरी नाही. पोस्टमन जोस्ट म्हणाला, लांब बंदूक म्हणजे पडद्याचा दांडा, घ्यायची तर एकतीस सालची आखूड कार्बाइन. पाववाल्यानं मला पाव द्यायच्या आधी पाऊण तास लांब बंदुकीची थोरवी सांगितली. नंतर माझ्या ध्यानात आलं की ज्याला विशीत जी मिळाली तीच त्याला जगातली सर्वोत्तम वाटते, आणि प्रत्येकजण खरं तर आपल्या विशीचीच शिफारस करतोय. मला विशीत घोंगडी मिळाली होती, त्यामुळे मला मत नव्हतं. कोनराड वयानं मोठा म्हणून मी त्याचं ऐकलं.

लांब बंदूक डोंगरावरच्या एका विधवेकडे होती. नवऱ्याची आठवण. ती विकायला तयार होती, पण कुणाला विकतेय ते तिला बघायचं होतं. तिनं मला आलुबुखाराची दारू घातलेली कॉफी पाजली, मी सकाळची प्रार्थना चुकवतो का, घरात बूट घालून फिरतो का आणि बंदूक बायकोला पुसायला लावणार का, हे विचारलं. लग्नाच्या वेळी सासऱ्यानं मला इतकं विचारलं नव्हतं. मी पसंत पडलो. खाली येताना बसमध्ये बंदूक उभी केली तर ती छताला टेकत होती. बंदुकीकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. फक्त ड्रायव्हर म्हणाला की सामान वाटेत ठेवू नका, बाबागाडी जायला जागा लागते.

मैदानावर पहिल्या शनिवारी लांब बंदुकीनं मला काय ते दाखवलं. स्वभावानं ती फार मऊ. धक्का जवळपास नाहीच, आवाजही भारदस्त. पण ती उंच माणसासाठी केलेली होती आणि माझे हात विमा कचेरीच्या टेबलापुरते. दस्ता खांद्याला लागला तर बोट चापापर्यंत पोचेना, बोट पोचलं तर डोळा नळीवरच्या माशीपासून लांब. शिवाय गुडघ्यावर बसलं की नळी हळूहळू खाली कलायची, आणि माझ्या गोळ्या निशाणाखालचा उतार नांगरायच्या. आमच्याकडे निशाणाखालच्या चरात माणसं बसतात. नेम लागला की लांब काठीची पळी वर करून कुठे लागला ते दाखवतात, चुकला की लाल झेंडा हलवतात. त्या दिवशी झेंडा इतका हलला की खालच्या रस्त्यावरून जाणाऱ्या एका बाईनं उलट हात हलवला. मग गाई मैदान ओलांडायला लागल्या आणि नियमाप्रमाणे सगळं थांबलं. गाईंचा मी इतका ऋणी कधीच नव्हतो.

राहिली कार्बाइन. त्या वर्षी सरकार लष्कर आखूड करत होतं आणि शस्त्रकोठ्यांतल्या जुन्या कार्बाइन लोकांना विकत होतं. मी सुट्टी घेऊन गेलो. लांबच लांब दालनात रांगाच रांगा, आणि पुढे माझ्यासारखे पोक्त गृहस्थ नळ्यांतून खिडकीकडे बघत उभे. मी चार-पाच उचलून वजन, चाप, लाकूड यांची तुलना करायला लागलो तेव्हा एक हवालदार आला आणि म्हणाला की तुलना करायची गरज नाही, सगळ्या सारख्या आहेत, सरकार भेदभाव करत नाही. त्यानं समोरची उचलली आणि माझ्या हातात दिली. तिचा दस्ता खालून कुत्र्यानं चावल्यासारखा होता. थंडीत पहाऱ्यावरचे शिपाई बुटाला चिकटलेला बर्फ दस्त्यानं ठोकून काढत, आणि तेव्हाच्या बुटांना खिळे असत. पण नळीतून पाहिलं तर आत आरसा. आणि खांद्याला लावली तर ती माझ्या मापाची होती. मला फार बरं वाटलं, आणि ते मी हवालदाराला सांगितलंही. तो म्हणाला, पुढचा.

तिसऱ्या दाखल्यासाठी गेलो तेव्हा ग्वेर्डर बाईंनी पेन खाली ठेवलं. घरी सगळं ठीक आहे ना, असं त्यांनी अगदी मऊ आवाजात विचारलं, आणि दाखल्याबरोबर पतिपत्नींसाठीच्या समुपदेशनाचं एक पत्रक दिलं. आग्नेसनं ते वाचून काढलं आणि फ्रिजवर लावलं. त्यातलं दुसरं वाक्य, जोडीदाराचे छंद समजून घ्या, तिनं अधोरेखित करून ठेवलं आणि मला दोन आठवडे ऐकवलं.

आता तीन बंदुका घरात आणि माणूस एक. मी रोज सराव सुरू केला, रिकाम्या बंदुकीनं, स्वयंपाकघरात, कचेरीच्या जेवणाच्या सुट्टीत. कार्बाइनचा बोल्ट वळवावा लागत नाही, सरळ मागे पुढे होतो, आणि त्याचा आवाज वरच्या मजल्यापर्यंत जातो. वर इटेन बाई राहतात. त्या खाली आल्या. मला वाटलं बंदुकीला हरकत घेतील.

"हाइन्त्सर, तुम्ही घरात काय करता ते तुमचं तुम्ही बघा," त्या म्हणाल्या. "पण बारा ते दीड या इमारतीत शांतता असते."

हे त्यांचं बरोबर होतं. पण खरा गुन्हा मी पुढच्या आठवड्यात केला. तिन्ही बंदुकांच्या सुट्या भागांवर वर्षानुवर्षांचं चरबट वंगण होतं, ते काढायला गरम पाणी लागतं, आणि गरम पाण्याची मोठी टाकी तळघरातल्या धुण्याच्या खोलीत. मी गुरुवारी गेलो. गुरुवार आमचा धुण्याचा वार असतो. फक्त मधल्या एका सुट्टीमुळे त्या आठवड्यात वार एकानं पुढे सरकले होते, आणि गुरुवार इटेन बाईंचा होता. त्यांच्या पांढऱ्या चादरी दोरीवर होत्या. मी एका चादरीला नुसती पाठ लावली. माझ्या पाठीवर काय होतं ते मला माहीत नव्हतं.

इमारतीची बैठक भरली. मी सांगतो, त्या खोलीत कुणालाही तीन बंदुकांचं काही वाटलं नाही. दुसऱ्याच्या वारी धुण्याच्या खोलीत उतरलेला माणूस म्हणून मात्र माझ्याकडे अशा नजरेनं पाहत होते की मी सरळ गुन्हा कबूल केला. नाताळपर्यंत खोली पुसायची, नवी चादर द्यायची, असं ठरलं. उठताना इटेन बाई माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या की खिडकीतून मला बघितलंय, मी कोपर गुडघ्याच्या वाटीवर टेकतो, हाडावर हाड ठरत नाही, दंडाचा मऊ भाग टेकवा. चादरीचं त्या विसरल्या नव्हत्या, पण गावाची जागा ओबरमाटला जावी असंही त्यांना वाटत नव्हतं.

सप्टेंबरच्या एका शनिवारी मी तिन्ही बंदुका मैदानावर नेल्या आणि शेवटची तुलना केली. स्वीडिश माउझरनं काळ्या वर्तुळात गोळ्यांचा असा गुच्छ मांडला की जोस्ट पोस्टमननं शिट्टी वाजवली, पण ती चालणार नव्हती. लांब बंदूक चालणार होती, पण माझ्याच्यानं चालेना. कार्बाइन खांद्यावर सणकून लाथ घालत होती, कानाला दडे बसवत होती, आणि दहातल्या सहा वेळा निशाणावर लागत होती. सहा! डोमिनीनं माझी बैठक मागून नीट पाहिली आणि म्हणाला की गुडघ्यावर बसताना पाऊल असं सपाट पसरलेलं त्यानं दुसऱ्या कुणाचं पाहिलं नाही, अगदी तिपाईसारखा बसतोस. माझ्या पायांबद्दल इतकं चांगलं त्या दोन डॉक्टरांनंतर कुणी बोललं नव्हतं. घरी जाताना मी बसमध्ये उभा राहिलो, जागा असूनही.

सणाच्या सकाळी कुरणावर धुकं होतं. पाद्र्यानं आशीर्वाद दिला तो धुक्यालाच दिल्यासारखा वाटला. मोठ्या कढईत सूप उकळत होतं. ओबरमाटच्या लोकांनी आमच्यासमोर सतरंजी अंथरली, आमच्या जागेकडे प्रेमानं पाहिलं आणि सॉसेज कापायला घेतलं. आम्ही आठ जण ओळीत गुडघ्यावर बसलो. माझ्या डावीकडे डोमिनी सातवा, मी आठवा, टोकाला. तो म्हणाला, घाबरू नकोस, तू शेवटचा, तुझं निशाणही शेवटचं, दुसरीकडे बघायचंच नाही.

रीत अशी की शिंग वाजलं की आधी नऊ बार सलग, मध्ये काही दाखवत नाहीत. नंतर चरातली माणसं एकेकाचा निकाल दाखवतात. मग दहावा बार, तो संत वेंडेलिनच्या नावाचा, एकेकानं, सगळे गप्प असताना. शिंग वाजलं. दंड गुडघ्यावर टेकवला, पाऊल पसरलं, शेवटच्या निशाणावर माशी धरली आणि चाप ओढला. काय सांगू, त्या दिवशी मला बंदूक कळली. लाथ बसत होती पण ती ओळखीची वाटत होती. नवव्या बारानंतर मला इतका आनंद झाला होता की मी आग्नेसकडे वळून पाहिलं.

मग चरातून निकाल दिसायला लागला. डोमिनीच्या पाट्यावर पळी वर आली ती खाली जाईचना. शेवटी तिथून फोन आला की सातव्या निशाणाला अठरा भोकं आहेत. त्याच वेळी धुकं थोडं सरकलं आणि सातव्याच्या उजवीकडे आणखी एक निशाण हळूच प्रकट झालं, अगदी कोरं, आणि त्याच्याखाली लाल झेंडा हलायला लागला. मी जे शेवटचं समजत होतो ते नुसतं दिसणारं शेवटचं होतं.

परक्याच्या पाट्यावरचे नेम नेमबाजाला धरत नाहीत. शिवाय पाट्याच्या मालकाला त्या अठरातले सगळ्यात कमी गुणांचे नऊ मिळतात. म्हणजे मी स्वतःला शून्यावर आणलं होतं आणि अध्यक्षालाही खाली ओढलं होतं. ओबरमाटच्या सतरंजीवर चावणं थांबलं. मला एकच गोळी उरली होती. ती चुकली तर पणजोबांपासूनची जागा माझ्या नावानं जाणार होती, आणि या गावात घोंगड्या मोजणारा यापेक्षाही वाईट नावानं मला ओळखणार होते. खरं सांगायचं तर मला रडू येत होतं.

सात जणांचे बार झाले. माझी पाळी आली. कुरण एकदम शांत झालं. डोमिनीनं मान न वळवता हळूच सांगितलं.

"आल्बिन, ते तिकडे. ज्याला भोक नाही ते."

मी श्वास सोडला आणि चाप ओढला. बराच वेळ काही झालं नाही. पाटा खाली गेला, खालीच राहिला. चरात ते भोक शोधत असावेत. मग पाटा वर आला आणि पळी अगदी खालच्या डाव्या कोपऱ्यात, किनारीला चिकटून थांबली. एक गुण. सगळ्यात आधी टाळी वाजवली ती ओबरमाटच्या एका जाड्या गृहस्थानं. मग तो उठला, सतरंजी झटकली आणि पुढच्या वर्षी किती वाजता यायचं ते बायकोला विचारायला लागला.

संध्याकाळी खानावळीच्या दालनात सगळे गट जेवायला बसले. या सणात प्रत्येक गटाला चांदीचा एक पेला मिळतो. गटात त्या त्या वर्षी ज्याचे गुण सर्वांत जास्त त्याला. मात्र माणसाला तो आयुष्यात एकदाच, त्यामुळे ज्याला आधीच मिळालाय त्याला वगळतात. आमच्या सातही जणांकडे आपापला पेला होता आणि ते तो रुमालात गुंडाळून जेवायला आणत, वाइन त्यातूनच पीत. म्हणून गेली बरीच वर्षं आमच्या गटाचं नाव पुकारलं जात नसे. त्या संध्याकाळी ते पुकारलं गेलं. आल्बिन हाइन्त्सर, गुण एक.

सगळं दालन हसलं. मी जागचा हललो नाही. डोमिनीला म्हटलं, मी घेणार नाही, माझी थट्टा पुरे झाली, तुझे गुणही मी घालवले.

डोमिनी तोंडातला घास संपेपर्यंत थांबला.

"माझा बाप, दोन काका आणि थोरला भाऊ, चौघांना मिळून झाला तेव्हा मला मिळाला," तो म्हणाला. "गुण चार. या जोस्टला मिळाला तेव्हा त्याला ताप होता. कोनराडनं एकदा गाईला घाबरून बार काढला आणि तो लागला. इथे पेला उरलेल्याला मिळतो, आल्बिन. आम्ही सगळे उरलेलेच आहोत."

मी उठलो, पुढे गेलो, पेला घेतला आणि परत येऊन बसलो. दालन अजून हसत होतं, पण मला ते आता ऐकू येत नव्हतं. वाढणारी बाई वाइनची सुरई घेऊन आली. सात पेले रुमालांतून बाहेर निघाले. ज्याच्या रुमालातून पेला निघत नाही त्याला ग्लास, या वर्षानुवर्षांच्या सवयीनं तिनं आठव्या जागेसमोर, माझ्यासमोर, काचेचा ग्लास ठेवला.

डोमिनीनं तो उचलून तिच्या ट्रेमध्ये परत ठेवला.

"नको," तो म्हणाला. "याच्याकडे आहे."